आकड्याची पत

मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा 1887 सालचा. त्यात जुगाराचा अड्डा कशाला म्हणायचे याची एक लांबलचक व्याख्या आहे. वकिलांखेरीज ती कोणी वाचत नाही. पण मुंबईच्या जुगाराचा इतिहास एका पानात वाचायचा असेल तर याहून चांगला दस्तऐवज मिळणार नाही. कापूस, अफू किंवा दुसऱ्या एखाद्या मालाच्या बाजारभावावर लावलेली पैज त्यात आहे, तो भाव सांगताना येणाऱ्या अंकांवर लावलेली पैज आहे, भाव किती चढला-उतरला यावरची आहे. पाऊस पडेल की नाही आणि पडला तर किती पडेल, यावरची आहे. शेवटी पत्त्यांवरची चित्रे, त्यांचे आकडे आणि त्या आकड्यांची बेरीज यावरचीही आहे. इतक्या बारीकसारीक गोष्टी कोणत्याही कायदेपंडिताला आपण होऊन सुचणार नाहीत. लोकांनी आधी खेळ शोधला, मग पोलिसांची पंचाईत झाली आणि त्यानंतर कलमात एक ओळ वाढली. ही यादी वरून खाली वाचत गेले की एक गोष्ट ध्यानात येते. मुंबईच्या जुगाऱ्याने शंभर वर्षे एकाच वस्तूचा शोध घेतला. ती म्हणजे असा एक आकडा, जो रोज मिळेल, सगळ्यांना एकदम कळेल आणि ज्यात कोणाचा हात शिरला नाही असे सगळे मानतील.

जुगाराचे आकर्षण कशात आहे, या प्रश्नाला सहसा तीन उत्तरे मिळतात: लोभ, गरिबी आणि झगमगाट. कॅसिनोविषयी बोलताना तिसऱ्यावर जोर असतो, मटक्याविषयी बोलताना दुसऱ्यावर. मला ही तिन्ही अपुरी वाटतात. लोभ तर सट्ट्यातही असतो आणि सरकारी रोख्यांतही. झगमगाट मटक्याला कधी लाभला नाही, आणि गरिबी ज्यांना ठाऊकच नव्हती असे शेठसावकार मटक्याच्या कितीतरी आधी आकड्यांवर पैसे लावत होते. जुगाराचा धंदा उभा राहतो तो पतीवर. ही पत दुहेरी लागते: आकडा खरा असल्याची आणि जिंकलेल्याला पैसे मिळतील याची. कॅसिनोची इमारत, दिवे, गणवेशातले नोकर, टेबलावरचा कॅमेरा हा सगळा या दोन गोष्टींचा भरवसा देण्यासाठी केलेला खर्च आहे. मुंबईने तोच भरवसा इमारतीवाचून उभा केला, म्हणून मटक्याचा इतिहास कॅसिनोच्या इतिहासाइतकाच लक्ष देऊन पाहावा लागतो.

यात नवे असे फारसे काही नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी येतो. जुगार एकाच ठिकाणी व्हावा, फासे अध्यक्षाने पुरवावेत, ते बदलणाऱ्याला दंड व्हावा आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच सरकारजमा व्हावेत, अशी तिथे व्यवस्था सांगितली आहे. नीतीची चर्चा तिथे थोडी आणि फाशांची काळजी जास्त. जो फाशांच्या खरेपणाची हमी देतो त्याला वाटा मिळतो, हे सूत्र तेव्हाही माहीत होते. हस्तिनापूरच्या सभेतही आक्षेप कपटावर घेतला गेला.

मुंबईत हमी देणारा अध्यक्ष नव्हता, म्हणून तिने परका आकडा उसना घेतला. कलकत्त्याला सरकारी अफूचे लिलाव होत. त्या लिलावात पेटीमागे सरासरी काय भाव फुटला याची बातमी मुंबईत येई आणि त्या भावाच्या शेवटच्या अंकावर पैजा लागत. ही निवड फार हुशारीची होती. लिलाव सरकारचा, शहर हजार मैलांवरचे, सरासरी अनेक बोलींची. शेवटचा अंक काय यावा हे ठरवणे कोणा एकाच्या हातात नव्हते. पावसावरच्या पैजेतही हीच अक्कल होती. अमुक वेळात इतका पाऊस पडेल का की छपराची मोरी वाहू लागेल, यावर मारवाडी आणि गुजराती पेढ्यांवरची मंडळी पैसे लावत. कलकत्त्यात 1897 मध्ये पावसाच्या जुगारावर बंदी घालावी लागली, इतके त्याचे वेड होते. ढगाला लाच देता येत नाही, आणि मोरी वाहते आहे की नाही हे गल्लीतल्या कोणालाही दिसते. आकडा दूरचा हवा आणि निकाल डोळ्यांसमोरचा हवा, या दोन्ही अटी पावसाने पुऱ्या केल्या.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात चीनला जाणारी भारतीय अफू थांबली आणि तो आकडाही मागे पडला. कापूस होताच. अमेरिकेतल्या यादवीमुळे 1861 ते 1865 या काळात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि 1865 च्या जुलैत ते सगळे कोसळले होते. तेव्हापासून अमेरिकेतल्या कापसाची खबर ही मुंबईच्या बाजाराची नाडी झाली होती. न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव तारेने मुंबईला येत. व्यापाऱ्याला ते सौद्यासाठी लागत, बाकीच्यांना शेवटच्या अंकासाठी. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द आजही आकडा लावणाऱ्याच्या तोंडी आहेत, ते या बाजारातून आलेले. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेदहा वाजतात तेव्हा, तिथल्या उन्हाळी वेळेचा फरक सोडला तर, मुंबईत रात्रीचे नऊ झालेले असतात. पुढे मटक्याचा ओपन रात्री नऊला आणि क्लोज मध्यरात्री निघू लागला. हा योगायोग असेल असे मला वाटत नाही. गिरणगावाच्या झोपेचे वेळापत्रक न्यूयॉर्कच्या घड्याळावर बेतले गेले होते.

1961 मध्ये न्यूयॉर्कहून हे आकडे येणे बंद झाले. धंदा इथेच बुडायला हवा होता, कारण ज्याच्या पतीवर तो चालला होता तो परका साक्षीदारच निघून गेला. पण पुढच्याच वर्षी, 1962 मध्ये, वरळीत किराणा दुकान चालवणाऱ्या कल्याणजी भगत या कच्छी माणसाने आपला आकडा काढायला सुरुवात केली. 1964 मध्ये रतन खत्री या कराचीहून आलेल्या सिंध्याने ‘न्यू वरळी’ सुरू केला. कल्याणजीचा खेळ आठवड्याचे सातही दिवस चाले, खत्रीचा सोमवार ते शनिवार. आधी आकड्यांच्या चिठ्ठ्या मातीच्या मटक्यात घालून एक उचलत, नंतर पत्ते आले. राजा, राणी, गुलाम काढून टाकलेल्या कॅटमधून तीन पत्ते ओढायचे, दश्शीला शून्य धरायचे.

नेमके काय होई ते एका ओळीत दिसते. समजा ओपनला पंजा, तिर्री आणि छक्की निघाली. आकडे चढत्या क्रमाने लावले की 356 हा पाना झाला. बेरीज चौदा, शेवटचा अंक चार. म्हणून ओपन चौका. क्लोजला 1, 8, 9 निघाले, बेरीज अठरा, म्हणून क्लोज अठ्ठा. तक्त्यावर ते 356-48-189 असे लिहिले जाई. नुसता चौका लावणाऱ्याला रुपयाला नऊ, अठ्ठेचाळीसची जोडी लावणाऱ्याला रुपयाला नव्वद. भाव ठिकठिकाणी थोडे बदलत, पण नऊ आणि नव्वद हे सर्वांना पाठ. दहा माणसांनी दहा वेगवेगळ्या अंकांवर एकेक रुपया लावला तर बुकीकडे दहा येतात आणि नऊ जातात. जोडीतही तेच: शंभर येतात, नव्वद जातात. पान्याचे गणित जास्त निर्दय आहे. तीन वेगळे अंक असलेला एखादा पाना हजारात सुमारे सहा वेळा यायचा. त्याला एकशे चाळीसच्या आसपास भाव दिला तर हजारांतले आठशे चाळीस परत जातात. मोठे बक्षीस पाहून माणूस पान्याकडे वळे आणि नेमका तिथेच कात्री मोठी होती.

आता ही कात्री युरोपच्या रूलेटशी ताडून पाहू. चाकावर सदतीस घरे असतात आणि एका घरावर लावलेल्या पैशाला, तो पैसा परत मिळून वर पस्तीसपट मिळतात. म्हणजे शंभरामागे कॅसिनोचा वाटा 2.70. लास व्हेगसच्या दोन शून्यांच्या चाकावर तो 5.26 होतो. वरळीतला कामगार शंभरामागे दहा देत होता, मोंते कार्लोतला उमराव तीनच्या आत. जुगारी माणूस भाव पाहून खेळ निवडतो असे ज्यांना वाटते, त्यांना हा फरक समजावून सांगता येणार नाही. मात्र त्यावरून कॅसिनो स्वस्त ठरत नाही. तासाला चाळीस फेऱ्या धरल्या आणि दर फेरीला शंभर रुपये लावले, तर सरासरीने तासाला एकशे आठ रुपये जातात. एका डावात जेवढे लावले त्याहून जास्त. कॅसिनोची कात्री बारीक, पण ती सारखी चालू असते. म्हणून गिऱ्हाईक खुर्चीतून उठू नये यासाठी त्याचा सगळा आटापिटा: भिंतीवर घड्याळ नाही, पेय फुकट, नोटांऐवजी रंगीत चकत्या. मटक्याला यातले काहीच लागत नव्हते. त्याचे गिऱ्हाईक चिठ्ठी खिशात घालून पाळीवर जाई, साचा चालवी, घरी जेवी.

आणि तरीही खेळ चालू असे. ओपन आणि क्लोज यांच्यामधले तीन तास ही मटक्याची सर्वांत धूर्त रचना आहे. अठ्ठेचाळीसची जोडी लावलेल्या माणसाला नऊ वाजता चौका निघाल्याचे कळते. त्याने अजून काहीही जिंकलेले नाही. पण नव्वदपट रकमेच्या बाबतीत तो शंभरात एकवरून दहात एकवर येऊन पोहोचला आहे, आणि हा हिशेब त्याला न शिकता करता येतो. फिरत्या चित्रांच्या यंत्रात दोन चित्रे जुळून तिसरे हुकते तेव्हा जो चटका बसतो तो सेकंदभराचा. इथे तो मध्यरात्रीपर्यंत ताणलेला, आणि त्यात शेजारीपाजारी सामील. लोक नुसत्या पैशाची वाट पाहत नव्हते. दिवसाचा निकाल अजून लागायचा आहे, ही भावनाच त्यांनी विकत घेतली होती. ज्या माणसाचा उद्या अगदी आजसारखाच असणार हे ठरलेले आहे, त्याला ही भावना रुपयाला महाग वाटत नाही. पण ज्याचा उद्या ठरलेला नाही असा पेढीवरचा शेठही पावसाकडे डोळे लावून बसत होता, तेव्हा हे कारण सगळे स्पष्टीकरण देत नाही, हेही मान्य करायला हवे.

इथे एक हरकत येते आणि ती भक्कम आहे. आकड्याच्या पतीवर धंदा चालला म्हणता, मग आकडा ठरवून काढतात हे सगळी मुंबई बोलत होती, त्याचे काय? ज्यावर कमी पैसे लागले तोच अंक निघतो, हे तर प्रत्येक पानटपरीवरचे ज्ञान होते. आकडा एकदाही लबाडीने काढला गेला नाही असे मी म्हणणार नाही, ते म्हणण्याजोगा पुरावा कोणाकडेच नसणार. पण लबाडीची गरज किती होती ते पाहावे. पैसे दहाही अंकांवर सारखे पसरले तर बुकीला काहीही निघाले तरी दहावा हिस्सा सुटतो. अडचण येते ती सगळा गाव एकाच अंकावर पडतो तेव्हा. त्यासाठी धंद्यात ‘कटिंग’ होते: छोट्या बुकीने आपल्याकडचा जड अंक मोठ्याकडे उतरवायचा, मोठ्याने त्याहून मोठ्याकडे. विमा कंपन्या आपली जोखीम वाटून घेतात तशीच ही व्यवस्था. वरच्या टोकाला बसलेल्याला मोह होणारच. पण त्याला हेही ठाऊक होते की खेळणाऱ्यांचा विश्वास एकदा उडाला तर ते दुसऱ्या मटक्याकडे जातील, आणि दुसरा मटका शहरात होता. पत्ते लोकांसमोर ओढण्याची पद्धत पडली ती यासाठी.

शिवाय लबाडीच्या संशयाने खेळ मोडला नाही, उलट त्याला दुसरा मजला चढला. आकडा दैवाने निघतो असे मानले तर अंदाज करण्यात अर्थ नाही. पण तो कोणीतरी काढतो असे मानले की त्या कोणाच्या मनात काय असेल याचा अंदाज करता येतो. मग मागच्या निकालांचे तक्ते छापून विकले जाऊ लागले, ते पाहून ‘गेसिंग’ सांगणारे आले, स्वप्नात दिसलेल्या वस्तूंचे आकडे लावणारे आले, बाबा-बुवा आले. कागदावरचे जुने आकडे पुढच्या आकड्याविषयी काहीही सांगत नाहीत. तरी रूलेटच्या टेबलाशेजारी मागच्या वीसएक फेऱ्यांचे निकाल झळकवणारा फलक कॅसिनो आपल्या खर्चाने लावते, ते काही गिऱ्हाइकाची दया येऊन नाही. आपण अभ्यास करतो आहोत असे वाटले की हरणे हा दैवाचा घाला न राहता आपली चूक होते, आणि चूक उद्या सुधारता येते.

दुसरी पत, पैसे मिळण्याची, तिचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. 1865 साली, म्हणजे कापसाचा फुगा फुटला त्याच वर्षी, मुंबई इलाख्यापुरता एक कायदा झाला आणि पैजेशी जोडलेले करारही त्याने निरर्थक ठरवले. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 30 ने पैजेचा करार देशभर रद्दबातल केला. जिंकलेल्या माणसाला न्यायालयाचा दरवाजा बंद झाला. कायदा करणाऱ्यांचा तर्क सरळ होता: वसुलीची सोय काढून घेतली की कोणी पैज लावणार नाही. घडले ते उलटेच. न्यायालय नाही म्हटल्यावर सगळी भिस्त शब्दावर आली, आणि शब्द पाळणारा बुकी हा वस्तीतला विश्वासाचा माणूस झाला. लागलेला आकडा दुसऱ्या दिवशी चुकता व्हायचा, पावतीची चिठ्ठी एवढीशी, त्यावर ना सही ना शिक्का. बँकेत ज्याला कोणी उभे केले नसते अशा गिरणी कामगाराला हा एक व्यवहार असा होता, जिथे त्याच्या हक्काचे पैसे हेलपाट्यांवाचून मिळत. मटक्याचे कौतुक करण्यासाठी हे लिहीत नाही. दहापैकी एक रुपया रोज वस्तीतून बाहेर जात होता, आणि तो पगाराच्या पाकिटातून, म्हणजे पोरांच्या तोंडातून जात होता. पण लोक तिथे का गेले याचे उत्तर त्यांच्या बुद्धीत खोट काढून मिळणार नाही.

पोलिसांना हे मर्म कळले होते असे कायदाच सांगतो. जुगाराला मदत व्हावी म्हणून वृत्तपत्र, कागद किंवा नुसती बातमी छापणे आणि वाटणे हाही त्यात गुन्हा आहे. अड्ड्यावर छापा घालून चार माणसे धरता येतात, पण आकडा सुटा फिरतो. तो टेलिफोनवरून काही मिनिटांत कोल्हापूर, सोलापूर, नागपूरला पोहोचे. म्हणूनच ‘गिरण्या गेल्या आणि मटका गेला’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. 18 जानेवारी 1982 ला अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. लालबाग-परळची रया त्यानंतर परत आली नाही, आणि नव्वदच्या दशकात पोलिसांनी मुंबईतल्या अड्ड्यांची कंबर मोडली, हे खरे. खत्रीच्या आयुष्यावर बेतलेले पात्र 1975 च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात आले, पुढे खत्री आणीबाणीत तुरुंगात गेला, नंतर बाहेर आला, आणि 2020 मध्ये वारला. पण ‘कल्याण’ आणि ‘मेन’ या नावांचे आकडे तालुक्याच्या गावी लागतच राहिले. कल्याणजी नाही, वरळीचे दुकान नाही, कॅटही कदाचित नसेल. राहिले ते नाव आणि रोज ठरल्या वेळी लागणारा निकाल. जुगाराच्या धंद्याला तेवढे भांडवल पुरते.

मग ही पत सरकारनेच का देऊ नये, असे विचारणारे आहेत आणि त्यांचा मुद्दा टाकाऊ नाही. महाराष्ट्राने 1969 मध्ये आपली लॉटरी काढली, तेव्हा सरकारी शिक्क्याचा आकडा विकायलाच सुरुवात केली होती. गोव्याने 1992 मध्ये पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना आणि 1996 मध्ये जहाजांवर टेबलांना परवानगी दिली, आज मांडवीत उभी असलेली जहाजे हे त्याचे फळ. महाराष्ट्राची तऱ्हा मौजेची. कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा विधिमंडळाने 1976 मध्ये केला, तो एक दिवसही अमलात आणला नाही आणि 2023 मध्ये रद्द केला. सत्तेचाळीस वर्षे हो नाही आणि नाहीही नाही! परवान्याने लबाडी घटते आणि जिंकलेल्याचे पैसे बुडत नाहीत, हे परवान्याच्या बाजूने खरे आहे. पण माझ्या मते नेमकी तीच अडचण आहे. संशयाने खेळ मोडला नाही, तरी काही गिऱ्हाइकांना रोखणारा तोच थोडाफार बांध होता, तो सरकार स्वखर्चाने काढून टाकते आणि त्या बदल्यात कौटिल्याच्या अध्यक्षासारखा आपला वाटा घेते. कात्री तशीच राहते, फक्त ती धरणाऱ्या हातावर राजमुद्रा येते.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात खेळ चालवणाऱ्यांबरोबर त्यांची जाहिरात करणारे आणि त्यांचे पैसे इकडून तिकडे पोहोचवणाऱ्या बँकाही धरल्या आहेत. 1887 च्या कायद्याने आकड्याच्या वाटा अडवल्या होत्या, या कायद्याने पैसे चुकते होण्याची वाट अडवली आहे. 1865 आणि 1872 मध्ये हाच मार्ग धरून पाहिला होता. तेव्हा न्यायालयाची जागा चाळीतल्या बुकीच्या शब्दाने घेतली. मोबाइलच्या पडद्यामागे बसलेल्याचा चेहरा कोणी पाहिलेला नाही, आणि तरी त्याच्यावर लोक विश्वास ठेवतात तो बँकेच्या खात्यात पैसे जमा झाल्याचा संदेश येतो म्हणून. तो संदेश थांबला तर पैजा थांबतील, की रोखीने चुकते करणारा माणूस पुन्हा गल्लीच्या तोंडाशी उभा राहील, हे पुढच्या काही वर्षांत तालुक्याच्या पोलीस ठाण्यांतल्या नोंदी सांगतील.